नीरा, सावित्री, कृष्णा : वरंधा-आंबेनळीतला बाईकवरचा वीकेंड

वरंधा घाटाने कोकणात उतरायचं, पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर गाठायचं आणि पसरणीतून वाईला उतरून पुण्याला परत, असा हा गोल आहे. साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतो. आकडा ऐकून लोक म्हणतात हे तर एका दिवसात होईल, आणि होतंही, पण मग नुसतं रस्त्याकडे बघत जाणं होतं. मला हा रूट करायचा होता तो नद्यांसाठी. भोरपासून नीरेच्या खोऱ्यातून वर चढायचं, खिंड ओलांडली की पलीकडचं पाणी सावित्रीला जातं, मग ती सावित्री जिथून निघते त्या महाबळेश्वरला चढायचं आणि तिथून कृष्णेच्या सोबतीने देशावर उतरायचं. नीरा आणि कृष्णेचं पाणी बंगालच्या उपसागरात, सावित्रीचं अरबी समुद्रात, आणि या दोन्हींच्या मधली सह्याद्रीची धार या रूटवर दोनदा ओलांडली जाते, एकदा जाताना आणि एकदा येताना. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, बाईकवर मात्र ते अंगाला कळतं, कारण धार ओलांडली की हवा, वास, मातीचा रंग, माणसांची बोली सगळंच बदलतं.

आम्ही तिघं होतो. मी माझ्या बाईकवर एकटा, आणि चुलतभाऊ म्हणजे दादा आणि वहिनी दुसऱ्या बाईकवर. वहिनीचं माहेर पोलादपूर तालुक्यातलं, त्यामुळे घाटाखाली काय खायचं आणि कुठे थांबायचं हे खातं तिच्याकडे. वीकेंड मुद्दाम पितृपक्षातला धरला. गणपतीची गर्दी सरलेली असते, नवरात्राची अजून सुरू झालेली नसते, पाऊस ओसरलेला पण धबधबे वाहते असतात आणि सोनकी फुललेली असते. सह्याद्रीत बाईक काढायला याहून चांगले दिवस नाहीत असं माझं ठाम मत आहे. श्रावणातल्या हिरव्या रंगाचं कौतुक सगळेच करतात पण तेव्हा निम्मा वेळ व्हायजर पुसण्यात जातो.

एक गोष्ट आधीच सांगतो. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे वरचेवर बंद ठेवतात, कधी फक्त जड वाहनांना तर कधी सगळ्यांनाच, तसे आदेश जिल्हा प्रशासन काढतं. नकाशाच्या ॲपवर रस्ता चालू दिसतो आणि पुढे बॅरिकेड लावलेलं असतं. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा आणि भोरमध्ये पोचल्यावर एसटी स्टँडवर परत विचारा, महाडची गाडी सुटतेय का. सुटत असेल तर तुम्हीही सुटा.

शनिवार सकाळ : भोरपर्यंत

उजाडायच्या आत निघालो. जुना कात्रज घाट घेतला, हात आणि इंजिन दोन्ही मोकळं करायला तो बरा पडतो. मग हायवे, नसरापूर, आणि कापूरहोळला उजवीकडे वळून भोर. नसरापूरच्या बनेश्वरला थांबायचा वहिनीचा आग्रह होता, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देऊळ आणि त्यामागचा छोटा धबधबा, पण सकाळची गार हवा हातची घालवायची नव्हती म्हणून पुढे आलो.

भोरमध्ये मिसळ खाल्ली, टाक्या फुल्ल केल्या. पंतसचिवांचं हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजवाडा अजून उभा आहे आणि सिनेमांच्या शूटिंगमुळे पहिल्यांदा आलेल्या माणसालाही तो बघितल्यासारखा वाटतो. गावाच्या दक्षिणेला रोहिडा, म्हणजेच विचित्रगड, ढगाची पट्टी कमरेला गुंडाळून उभा होता.

पेट्रोल भोरमध्येच भरा. पुढे महाडकडे उतरेपर्यंत पंप भेटेल या भरवशावर राहू नका. मोबाईलची रेंज पण घाटात येऊन जाऊन असते, तेव्हा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि दोन बाईक असतील तर पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं हा नियम ठरवूनच निघा.

नीरा देवघर आणि वरंधा

भोर सोडलं की काही वेळाने नीरा देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं आणि मग बराच वेळ सोडत नाही. रस्ता पाण्याच्या कडेने आत-बाहेर करत जातो, प्रत्येक ओढ्यापाशी आत घुसतो आणि प्रत्येक सोंडेवर परत बाहेर येतो. दादाने बाईक इतकी हळू घेतली की मला वाटलं काही बिघडलं, जवळ जाऊन बघतो तर वहिनीने हेल्मेटची काच वर करून मान पूर्ण डावीकडे वळवलेली आणि दोघंही गप्प. धरण काठोकाठ भरलेलं, पाण्यात डोंगर उलटा, आणि कडेच्या खाचरांत भात पोटरीला आलेला. मध्येमध्ये रस्ता खराब आहे, काही तुकडे नवे कोरे आणि काही नुसते खड्डे, तेव्हा बघायचं असेल तर थांबून बघा, चालवता चालवता नको.

हिर्डोशीच्या पुढे चढ सुरू होतो. सोनकी इथून लागली. आधी बांधावर एखादा ठिपका, मग उतारच्या उतार पिवळे. खिंडीत आलो आणि समोरचा वारा एकदम अंगावर आला, ओला, दमट, वर चढून येणारा. इकडे मागे नीरेचं खोरं शांत पडलेलं आणि तिकडे समोर जमीन संपलेली. पुणे जिल्हा मागे राहिला आणि रायगड जिल्हा थेट पायाखाली, खाली कुठेतरी.

वरंध्याच्या माथ्यावर कावळ्या नावाचा किल्ला आहे, हा रस्ता त्याच्या मधून काढल्यामुळे किल्ल्याचे दोन तुकडे झालेत आणि निम्म्या लोकांना आपण किल्ल्यातून गेलो हे कळतही नाही. थोडं उतरलं की वाघजाईचं देऊळ, त्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि देवळापाशी भजीच्या टपऱ्या. इथल्या भज्यांसाठी लोक मुद्दाम येतात. आम्ही ज्या टपरीत बसलो ती एक आजी चालवत होत्या, बरोबर नातू. चुलीवरची काळीठिक्कर कढई, त्यातलंच पळीभर कडकडीत तेल त्यांनी पिठात ओतलं, चर्र आवाज झाला, मग हातानेच कालवलं आणि एकेक भजं असं सोडलं की कांद्याच्या पाकळ्या तेलात सुट्या सुट्या पसरल्या. ताटलीत आलेलं भजं बोटाला चटका देत होतं आणि बाहेर धुकं वर चढत होतं. आजींना विचारलं पावसाळ्यात कसं करता, तर म्हणाल्या, "घाट बंद म्हंजे आमी बंद. मंग शेतावर जायचं." तक्रारीचा सूर अजिबात नाही, पण मला ते लागलं. बॅरिकेड म्हणजे आपल्यासाठी एक वीकेंड फुकट, त्यांच्यासाठी भर सिझन. त्यामुळे घाट चालू असेल तेव्हा इथे थांबा, पोटभर खा, आणि प्लॅस्टिक तिथे टाकू नका. माकडं पुष्कळ आहेत, टँकबॅगची चेन उघडी ठेवू नका.

उतरताना एक जुना नियम पाळा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा-तिसरा गिअर, इंजिनाने गाडी धरलेली आणि ब्रेक फक्त वळणाच्या आधी. सतत ब्रेक दाबून उतरलं तर तो तापून नेमका हवा तेव्हा दगा देतो. या दिवसांत वळणांवर झाडाखाली शेवाळ असतं, हिरवं दिसतंच असं नाही, नुसता काळा ओला डांबर वाटतो. अशा ठिकाणी बाईक सरळ ठेवा, झुकवू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे आणि कायद्यातही तसंच आहे, पण पर्यटकांच्या गाड्या ते विसरतात म्हणून आंधळ्या वळणावर हॉर्न आणि डावी कड.

शिवथरघळ, महाड, पोलादपूर

खाली उतरलो आणि जॅकेट नको झालं. वहिनी म्हणाली, "आलं माझं कोकण." बारसगावजवळून शिवथरघळीचा फाटा घेतला. आडवाट आहे पण चुकवू नका. समर्थ रामदासांनी दासबोध याच घळीत सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे, विस्मरणात गेलेली ही जागा १९३० मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. शेजारी धबधबा कोसळत होता. घळीत गेल्यावर पाण्याचा आवाज बाहेर राहत नाही, तो कातळातून आत येतो, पाठ टेकली की पाठीत जाणवतो. दादाला आजोबांनी दासबोधातल्या ओव्या पाठ करून घेतलेल्या, तो डोळे मिटून ओठ हलवत बसला, आम्ही त्याला उठवलं नाही.

तिथून निघाल्यावर रस्त्यावरून उजवीकडच्या डोंगरांकडे बघून वहिनीने तळीयेचं नाव काढलं. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर दरड आली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुरात बुडालेलं. हे डोंगर इतके देखणे आहेत ते ज्या पावसामुळे, तोच पाऊस हेही करतो. तिथे गाडी उभी करून बघायला जायचा प्रश्नच नव्हता, पण इथून जाताना माहीत असावं म्हणून लिहितोय.

महाडला चवदार तळ्यापाशी थांबलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. सगळ्यांचं पाणी सगळ्यांनी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे दिवसभर नद्यांच्या मागे फिरल्यावर जरा वेगळंच टोचतं. तिथे एक शाळकरी मुलगी आपल्या धाकट्या भावाला पुतळ्याखालचं वाचून दाखवत होती, आणि तो "मग पुढे काय झालं" असं दर ओळीला विचारत होता.

जेवण महाड-पोलादपूरच्या मध्ये, वहिनीच्या ओळखीच्या खानावळीत. दादा पितृपक्षात मांसाहार करत नाही म्हणून वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. माझ्यासाठी सुकट होती, ती मी नाकारली नाही, पण त्या बिरड्याला तोड नव्हती, ओलं खोबरं आणि सोललेल्या वालाचा तो किंचित कडसर गोडवा. शेवटी भातावर नुसती सोलकढी ओतून घेतली.

(वेळ हाताशी असेल तर पोलादपूरपासून उमरठला जाऊन या, तानाजी मालुसऱ्यांचं गाव, तिथे त्यांची समाधी आहे. आणि किल्ल्यांचे वेडे असाल तर महाडला मुक्काम करून रायगड करा, तो घाईत उरकायचा गड नाही.)

शनिवार संध्याकाळ : आंबेनळी

पोलादपूर सोडलं आणि पहिल्याच चढाला पाऊस आला. परतीच्या पावसाची सर, ढगांच्या गडगडाटासह, टपोरे थेंब. रेनकोट चढवेपर्यंत भिजलोच. आंबेनळी हा वरंध्यापेक्षा लांबलचक आणि दाट झाडीचा, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीत सावित्रीच्या खोऱ्याकडे जाणारे ओढे पांढऱ्या दोऱ्यांसारखे. रस्त्यावर प्रत्येक नाळेतून लाल पाणी येत होतं.

अर्ध्या वाटेत गाड्या थांबलेल्या. दरड नव्हे, पण कडेचा मातीचा ढीग आणि चार-पाच मोठे धोंडे घसरून रस्त्यावर आलेले, जेसीबी काम करत होता. एसटी उभी, दोन जीप, आणि आम्ही. इंजिनं बंद करून उतरलो. तिथे रस्त्याच्या कामावरचे एक मामा डोक्यावर इरलं घेऊन उभे होते, प्लॅस्टिकचं नव्हे, खरंखुरं पानांचं. सगळे लोक धोंड्यांकडे बघत होते आणि हे मात्र फावड्याने कडेचं गटार मोकळं करत होते. मी म्हटलं, मामा, आधी रस्ता मोकळा होऊ द्या की. तर म्हणाले, "धोंडा काय, यंत्र उचलील. ह्ये तुंबलं ना, तर पानी रस्त्याच्या पोटात शिरतंय. मंग रस्ताच जातोय." त्यांनी फावड्याच्या टोकाने दाखवलं. काळ्या कातळाच्या थरावर लालसर मऊ मातीचा पट्टा, त्यावर परत कातळ. पाणी वरून मुरत येतं, त्या पट्ट्यापाशी अडतं, पट्टा साबणासारखा होतो आणि वरचं सगळं त्यावरून घसरतं. हा सगळा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलाय हे मी वाचलेलं, पण ते थर आणि त्यांच्यामधली ती कमकुवत जागा कोणी असं बोट ठेवून दाखवली नव्हती. पाऊस उघडला म्हणजे धोका टळला असं समजू नका, मुरलेलं पाणी नंतरही काम करत राहतं, हेही त्यांचंच सांगणं. गटार वाहतं झालं, लाल पाणी खळखळ मोरीत गेलं, तेव्हाच त्यांनी कमरेत सरळ होऊन बिडी काढली. या घाटातून आपण जाऊ शकतो ते अशा माणसांमुळे. त्यांच्याशी बोलायला मिळालं म्हणून मी त्या खोळंब्याला आजही दुवा देतो.

तासाभराने सुटलो तेव्हा अंधारत आलेलं आणि धुकं पडलेलं. धुक्यात हाय बीम लावू नका, समोर फक्त पांढरी भिंत दिसते, लो बीमच ठेवा. डाव्या कडेची पट्टी धरून एसटीच्या मागच्या दिव्यांमागे निघालो. त्या ड्रायव्हरला रस्ता तोंडपाठ होता, वळण यायच्या आधीच गाडीचा वेग उतरायचा, आणि आमचाही.

मुक्काम प्रतापगडाच्या पायथ्याला, वाडा कुंभरोशीत, एका घरगुती ठिकाणी. महाबळेश्वरच्या बाजारपेठेतल्या खोल्यांपेक्षा इथे राहा असं मी आग्रहाने सांगेन, शांत आहे, आणि सकाळी गड पहिल्यांदा तुमच्या वाट्याला येतो. काकूंनी ओले जॅकेट आणि मोजे चुलीच्या वरच्या दांडीवर टांगले, पिठलं, नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि वर तूप. काका बोलके. जावळीचं खोरं १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलं, मग मोरोपंत पिंगळ्यांनी प्रतापगड बांधून घेतला, हे आपण वाचतो, पण काकांनी ते वाटांवरून सांगितलं, कुठल्या नाळेतून कोकणात उतरता येतं, कुठून सैन्य येऊ शकत नाही, खानाला या झाडीत ओढून आणणं म्हणजे काय. दिवसभर तीच वाट बाईकने चढून आल्यामुळे मला पहिल्यांदाच ते डोळ्यासमोर दिसलं.

रविवार सकाळ : प्रतापगड

पहाटे पाऊस नव्हता. गडावर गेलो तेव्हा दुकानं उघडत होती. भवानीच्या देवळात नवरात्राची साफसफाई चालू होती, तांब्याची भांडी चिंचेने घासून पायरीवर ओळीने वाळत घातलेली. पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं आणि म्हणाले आता बुरुजावर जा, दहा मिनिटांत उघडेल. खरंच उघडलं. ढग खालून फाटत गेला, आधी कोकणातलं एक शेत दिसलं, मग नदीचा तुकडा, मग आदल्या संध्याकाळी चढलेला घाट, आणि त्यावरून वर येणारी एक लाल एसटी. वहिनी बोटाने गावं मोजत होती आणि माहेरच्या डोंगरावर येऊन थांबली.

वरच्या चौथऱ्यावरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९५७ चा, पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला. अफझलखान वधाची तारीख १० नोव्हेंबर १६५९. गडावर लोक राहतात, त्यांच्या घरांत ताक आणि कोकम सरबत मिळतं, तिथेच घ्या. सकाळी नऊनंतर बस यायला लागतात, त्याआधी खाली उतरलेलं बरं.

महाबळेश्वर

वाड्याहून वर महाबळेश्वरपर्यंतचा रस्ता हा या ट्रिपमधला बाईक चालवण्याचा सगळ्यात सुंदर भाग. गच्च जंगल, वर फांद्यांचा मांडव, वळणाला वळण लागून आलेलं, आणि कातळाचा काळा रंग हळूहळू जाऊन जांभ्याचा तांबडा रंग वर येतो. नजर वळणाच्या शेवटी ठेवली की हात आपोआप तिकडे वळतात, खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल, हे सगळे शिकवणारे सांगतात आणि ते अशाच रस्त्यावर पटतं. इथे मी एकदाही कोणाला ओव्हरटेक केलं नाही, गरजच वाटली नाही.

गाव बायपास करून आम्ही थेट क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेचं देऊळ. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या नद्यांचे झरे दगडी ओवऱ्यांतून येतात आणि गोमुखातून कुंडात पडतात. वहिनीने ओंजळ धरली, प्यायली, आणि म्हणाली, "आमच्याकडे येईपर्यंत हिचं केवढं होतं." मी त्या गोमुखाकडे बराच वेळ बघत होतो. एकाच जागेहून निघालेलं पाणी, एक धार दिवसभरात कोकणातून समुद्राला मिळणार आणि दुसरी हजारावर किलोमीटर चालून आंध्रात पोचणार. सगळ्यांना ही आख्यायिका माहीत असते, पण सावित्रीच्या काठचं जेवून तिच्या खोऱ्यातून इथवर चढून आलं की ते पाणी ओळखीचं होतं.

बाजारपेठेची आणि वेण्णा तलावाची गर्दी पितृपक्षातही होतीच, तिथे वेळ घालवला नाही. स्ट्रॉबेरीची एक गोष्ट मात्र सांगतो. सप्टेंबरात शेतात फळ नसतं, तेव्हा रोपं लावायचं काम चालू असतं, प्लॅस्टिकच्या आच्छादनाला भोकं पाडून बाया एकेक रोप लावत होत्या. खरी ताजी स्ट्रॉबेरी हवी असेल तर हिवाळ्यात या. आत्ता गाड्यांवर जी दिसते ती इथल्या हंगामातली नाही.

पसरणी, आणि पंक्चर

पाचगणीपर्यंत ढगात, आणि पाचगणी ओलांडली की ऊन. इतका सरळ फरक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच मीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून जवळच असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, खाली वाईला तर आणखी कमी. पसरणीच्या तोंडाशी रेनकोट काढून बांधले, समोर वाईचं खोरं, धोम धरण, आणि मधून चमकणारी कृष्णा. धार परत ओलांडून आम्ही देशावर आलो होतो.

घाट जवळजवळ उतरून झाला आणि दादाच्या बाईकचं मागचं चाक बसलं. खिळा. ट्यूबवालं चाक, म्हणजे रबराची दोरी खुपसून भागण्यातलं नव्हे. हत्यारं होती, चाक काढलं, पण दुकानापर्यंत न्यायचं कसं यावर बोलतोय तेवढ्यात एक दूधवाले भाऊ थांबले, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. "काय पावनं, खोळांबा झाला का?" कारण बघितलं, एक कॅन सोडून वहिनीजवळ ठेवला, त्या जागी दोरीने चाक बांधलं, दादाला मागे बसवलं आणि गेले. पाऊण तासाने दोघं परत, चाक दुरुस्त. पैसे घेईनात, चहा घ्या म्हटलं तर म्हणाले म्हशी वाट बघत असतील. तो कॅन परत बांधताना त्यांनी दादाच्या चेनला जरा तेल सोडा असं सांगितलं, आणि ते बरोबर होतं, दोन दिवसांच्या पाण्याने ती कोरडी पडलेली.

तेव्हा टिपा लिहून ठेवतो. ट्यूबचं चाक असेल तर जादा ट्यूब, चाक काढायचा पाना आणि छोटा पंप सोबत असू द्या. चेनचं स्प्रे पावसाच्या ट्रिपला रोज रात्री. हवा निघताना तपासा आणि मागे बसणारं माणूस असेल तर मागच्या चाकात कंपनीने सांगितलेली जास्तीची हवा भरा.

वाई, मेणवली आणि परत

वाईत उशिरा जेवलो. ढोल्या गणपती १७६२ चा, रास्त्यांनी बांधलेला, त्याच्यामागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. कृष्णा पायऱ्यांना लागून वाहत होती आणि दोन पोरं तिसऱ्या पायरीवरून सूर मारत होती. मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागे चंद्रकोरीसारखा घाट, आणि देवळापाशी टांगलेली प्रचंड घंटा, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली. तिथल्या राखणदार काकांनी घंटेवर हात ठेवायला सांगितला आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं. आवाज जेमतेम ऐकू आला, पण तळहाताखाली धातू कितीतरी वेळ थरथरत राहिला. वाई करणारे बरेच जण मेणवली सोडतात, सोडू नका.

सुरूरला हायवे, येताना खंबाटकी बोगद्यातून, आणि रविवार संध्याकाळचं जे व्हायचं ते ट्रॅफिक. अंधार पडायच्या आत पुणे गाठायचं असेल तर वाईहून चारला निघा.

दिशा कुठली धरावी हे मला बरेच जण विचारतात. वरंधा आधी, पसरणी शेवटी, असंच करा. वरंध्यावर वर्दळ आणि वस्ती कमी, काही झालं तर मदत यायला वेळ लागतो, तेव्हा तो सकाळच्या उजेडात आणि ताज्या अंगाने झालेला बरा. पसरणीला मात्र दिवस कलताना कोणी ना कोणी दूध घालून परत येत असतंच. आणि वरंधा बंद निघाला तर ताम्हिणीने माणगावला उतरून मुंबई-गोवा हायवेने महाड गाठता येतं, अंतर वाढतं आणि नीरा सुटते, पण आंबेनळी तरी हातची जात नाही.